मेल्यांत घातलेली पोर

आमच्या कर्जतच्या ख्रिस्ती मंडळीत शहाण्यांची वानवा कधीच नव्हती. पाळक वाल्मिकराव एक शहाणे, त्यांचे वडीलधारी पंच त्यांच्याहून शहाणे, आणि पंचांच्या बायका तर विचारूच नका, इस्त्रीचं लुगडं नेसून पुढच्या बाकावर अशा बसायच्या की प्रभूनं हिशेब द्यायला यावं यांच्याकडे. या सगळ्यांनी मिळून एका तरी पोराला विश्वासात टिकवलं असेल तर माझं नाव बदला. ते काम केलं बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातल्या गौराबाईनं. तिला धड प्रार्थना म्हणता यायची नाही, अधूनमधून मिसरी लावायची, आणि तोंड असं की ऐकणाऱ्यानं कानांवर हात ठेवावेत.

माझे मालक रेल्वेत फायरमन. घाट चढताना गाडीला मागून इंजिन लागतं ना, त्यावर. आमची चाळ बोर्डिंगच्या भिंतीला लागून, त्यामुळे गौराबाईच्या शिव्या मला रोज सकाळी फुकटात मिळायच्या. बोर्डिंगमध्ये डोंगराकडची पोरं असायची, ठाकरांची, कातकऱ्यांची. कुणी आजारी म्हणून मिशनच्या दवाखान्यात आलेलं आणि तिथंच राहिलेलं, कुणाला आईबापानंच आणून घातलेलं. चार बुकं शिकायची, मोठी झाली की त्यातली काही आपल्या मनानं बाप्तिस्मा घ्यायची. मग मंडळीत टाळ्या, बोर्डिंग चालवणाऱ्या मडमेच्या डोळ्यांत पाणी, लाडू. आणि मे महिन्याच्या सुटीत तीच पोरं घरी गेली की घरचे त्यांना अंगणात बसवायचे. पाणी वरून ओतायचे. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर खेकडे धरले ती पोरं 'बाटगा आला, बाटगा आला' करत मागे लागायची.

पोरं परत यायची ती तोंड काळवंडून. काही यायचीच नाहीत.

अशा वेळी वाल्मिकराव काय करायचे? प्रवचन. नगरकडचा माणूस, वैशाखातही गळाबंद कोट. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून पवित्र शास्त्रावर, पण गुंडी काही सुटायची नाही. "मुलांनो, जगापासून वेगळे व्हा! तुमचं घर आता हेच!" असं म्हणायचे आणि तसेच आपल्या घरी जेवायला जायचे. त्यांचं घर त्यांना सोडायचं नव्हतं, हे सोयीचं होतं. आईबाप काय वहाणा आहेत, देवळाच्या पायरीशी काढून ठेवायला?

गौराबाई प्रवचन द्यायची नाही. पोर रडत आलं की त्याच्यापुढे भाकरी टाकायची आणि म्हणायची, "बोल. काय काय म्हणाले? सगळं सांग, एक शब्द गाळू नको." पोर हुंदके देत सांगायचं. मग ही लाटणं हातात धरून त्या शिव्या देणाऱ्यांची नक्कल करायची. चुलता कसा म्हणाला असेल, त्याचं पोट कसं हललं असेल, मावशीनं पदर कसा आवळला असेल. शेवटी पोर रडता रडता हसायचं. हसलं की ती म्हणायची, "झालं? आता पुढच्या सुटीला परत जायचं. हाकलायचं काम त्यांचं. जायचं काम आपलं. ते त्यांचं काम सोडत नाहीत, तर आपण आपलं का सोडावं?" आणि खरंच, कुणाची जायची छाती झाली नाही तर स्वतः पिशवीत भाकऱ्या बांधून सोबत चालू लागायची. परक्याच्या पाड्यावर जाऊन अंगणात बसायची. या बाईचा स्वतःचा गाव कळंबकडचा. तिथून तिला बाप्तिस्म्यानंतर दगड मारून काढलं होतं, तरी दर वर्षी भाऊबीजेला ती भावाच्या दारात जाऊन बसायची. भाऊ बाहेर यायचा नाही. ही दुपारपर्यंत बसून, मोठ्यानं त्याची ख्यालीखुशाली विचारून, परत यायची. भाऊ वैतागून गेला होता, असं ती मोठ्या आनंदानं सांगायची.

आता मंगळीचं सांगते, कारण गौराबाईचं खरं पाणी मी तिथं पाहिलं.

मंगळी ठाकराची पोर. भिवपुरीच्या वीजघराचे ते मोठाले नळ डोंगरावरून उतरतात, त्यांच्या पलीकडे तिचा पाडा. लहानपणी पायाच्या हाडात पू झाला म्हणून बाप धाऊनं तिला पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. पाय बरा झाला, पोर बोर्डिंगात राहिली. आई आधीच गेलेली. मोठी बहीण जिजा, तिनंच हिला वाढवलेलं, स्वतः पोर असताना कडेवर घेऊन फिरवलेलं. मंगळी पंधराची झाली तेव्हा तिनं बाप्तिस्मा घेतला. कुणी बळजबरी केली नाही. उलट वाल्मिकराव म्हणत होते, डोंगरातली आहे, टिकायची नाही. टिकायची नाही म्हणे! जसा काही हा माणूस ओंडके विकत घेत होता.

बाप्तिस्म्याची बातमी पाड्यावर गेली आणि मंगळीला पाडा बंद झाला. वर्षभर बंदच. मग वैशाखात धाऊ आला, बोर्डिंगच्या कुंपणाशी उकिडवा बसला, आणि म्हणाला, "जिजाचं लगीन हाय. ती म्हनते मंगळी आल्याबिगर हळद लावून घेनार नाय. पन जातीचा म्होरक्या कान्हा म्हनतो, पोरीनं आधी देवापुढच्या मोहाच्या दारूचा एक घोट घ्यायचा, कपाळ टेकायचं, मंगच मांडवात. नायतर भायेर." तो हे सांगताना जमिनीकडे बघत होता. चांगला माणूस, पण कणा असा की कान्हा शिंकला तरी हा वाकायचा.

मंगळीला बहिणीच्या लग्नाला जायचं होतं. दुसरं काही तिला नको होतं. तिला जिजा हवी होती, आणि येशूही सोडायचा नव्हता. इतकी साधी गोष्ट. पण दोन्हीकडच्या शहाण्यांना ती झेपेना. वाल्मिकराव म्हणाले, "त्या मूर्तिपूजकांच्या मांडवाकडे फिरकलीस तर बोर्डिंगचं दार तुला बंद." मडम असत्या तर कदाचित ऐकून घेतलं असतं, पण मडम उन्हाळ्यात माथेरानला थंड हवेत. इथं कोटातला पाळक मोकाट.

पोरीनं दोन दिवस अन्न टाकलं. गौराबाई माझ्या दारात आली आणि म्हणाली, "चल गं, लग्नाला जायचंय. मालकांना सांग पाड्यावरून मध आणते. एकटीनं शिव्या खायला मजा नाही." मी गेले. मध काही मिळाला नाही, ते आधीच सांगून टाकते.

पाड्यावर पोचलो तर मांडव उभा होता, जांभळीचे हिरवे टहाळ, सारवलेली जमीन. कान्हा दारातच. डोक्याला फडकं, मिशांना तेल, आणि छाती अशी काढलेली की जणू पाडा त्यानंच जन्माला घातला होता. "घोट घेतेस?" त्यानं विचारलं. मंगळीची नजर मांडवात जिजाला शोधत होती. "मंग थितं," म्हणत त्यानं काठीनं मांडवाबाहेरचं आंब्याचं झाड दाखवलं. आम्ही तिघी झाडाखाली बसलो. चिल्लीपिल्ली लांबून बघून हसत होती. एका शहाण्यानं आमच्याकडे कुत्रं हुसकावलं. कुत्रं बिचारं येऊन आमच्याजवळ बसलं.

मग धाऊ आला, हातात पानाचा द्रोण. "पोरी," तो म्हणाला, "एक घोट. तोंडात घे, मागनं थुकून टाक. कोन बघतंय?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मांडवातून जिजा बघत होती, हळदीच्या आधीची पांढरी साडी नेसून, आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की घे गं, घे एकदाची.

मंगळी गौराबाईकडे वळली. "घेतला तर काय व्हईल?"

मला वाटलं आता ही बाई नरकाचं काहीतरी सांगणार. गौराबाई दात कोरत होती. म्हणाली, "होतंय काय? घोट पोटात जाईल आणि जिथून जायचं तिथून बाहेर जाईल. तुला घ्यायचा असेल तर घे, मी तोंड फिरवते. ही पण फिरवेल. पण मला विचारू नको. वाल्मिकरावाला विचारू नको, त्या मिशाळालाही नको. येशू तुझा कोण लागतो ते तुझं तू ठरव आणि मग द्रोण धर."

मंगळीनं द्रोण मागे सारला. मग बापाला म्हणाली, "नको बा. जिजाला सांग, मी हितंच बसते. हितनं दिसतंय मला." धाऊ द्रोण घेऊन तसाच परत गेला. मला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली, एकाच वेळी.

हळदीची वेळ झाली. त्यांच्याकडे भटजी नसतो. लग्न लावते ती ढवळेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी. या पाड्याची ढवळेरी मैना, तोंडात दात नाही, पण आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. हळदीच्या गाण्यात ती घरातल्या सगळ्यांची नावं घेते. आधी मेलेल्यांची, त्यांना लग्नाला बोलवायचं म्हणून. प्रत्येक मेलेल्याचं एक पान मांडवाच्या कडेला मांडतात, त्यावर भात ठेवतात, आणि नवरी स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या पानाला हळदीचं बोट लावते. ते झाल्याशिवाय तिला कुणी हळद लावत नाही. मग जित्यांची नावं. एकही माणूस गाळायचं नाही. गाळलं तर नवरी सुखानं नांदत नाही, अशी त्यांची पक्की समजूत.

मैना जित्यांच्या नावांची जुळवाजुळव करत धाऊला विचारू लागली, आणि धाऊच्या तोंडून 'मंगळी' निघालं मात्र, कान्हा उसळला. "तिचं नाव नाय घ्यायचं!"

मैना म्हणाली, "जितं मानूस गाळू कसं? उद्या जिजाला काय झालं तर माज्या नावानं खडे फोडशील."

कान्ह्याला मोहाची चढलेली आणि मोठेपणाही चढलेला. चार माणसांत म्हातारीनं अडवलं हे त्याला सोसेना. तो मांडवभर हात फिरवून म्हणाला, "मंग मेल्यांत घाल! आमच्या लेखी मेलीच ती!" आणि आपल्याच हुशारीवर खो खो हसला. तो हसला म्हणून बाकीचे हसले. असे हसणारे सगळीकडे असतात, आमच्या मंडळीतही होते, फरक एवढाच की ते इस्त्रीचे कपडे घालून हसायचे.

मंगळीनं गुडघ्यांत डोकं घातलं. जिवंतपणी आपलं नाव मेल्यांत ऐकायचं, तेही आईच्या नावाला लागून! मला रडूच आलं. गौराबाई तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "मेली तर मेली! आपल्यात मेलेला तिसऱ्या दिवशी उठतो, या रेड्यांना काय माहीत!" आणि अशी काही हसली की मांडवातली माणसं वळून बघायला लागली.

मैनानं गाणं सुरू केलं. आजा, आजी, आई, आणि शेवटी मंगळी. पानं मांडली गेली. जिजा हळदीची वाटी घेऊन उठली. आजाच्या पानाला बोट लावलं, आजीच्या लावलं, आईच्या पानाशी थोडा वेळ बसली. मग शेवटच्या पानाशी आली आणि थांबली.

"लाव की पानाला," कुणीतरी म्हणालं.

"पानाला कशाला?" जिजा म्हणाली. "आये नाय म्हनून आयेच्या पानाला लावली. ही तर ती थितं बसलीया." आणि सरळ वाटी घेऊन मांडवाबाहेर निघाली.

अगं बाई, काय गोंधळ! कान्हा ओरडतोय, "हळदीची नवरी मांडवाभायेर जात नाय!" बायका तोंडावर हात घेऊन उभ्या. आणि मैना, ती बिनदातांची म्हातारी, जागची न हलता म्हणाली, "मेल्यांची हळद अडवायची नसते, कान्हा. अडवली तर मेले घरात शिरतात. तूच तिला मेल्यांत घातलीस. चार मानसांत घातलीस. आता काढ बघू भायेर!" मेल्यांत घातलेली काढायची कशी, ही रीत कान्ह्यालाही ठाऊक नव्हती. त्या मिशा अशा खाली आल्या की मला आजही आठवून बरं वाटतं.

जिजा झाडाखाली आली. आधी मंगळीच्या गालाला हळद लावली, मग हाताला, मग पायाच्या त्या जुन्या व्रणाला. दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या. गौराबाईही रडत होती आणि 'धूर येतोय मेला' म्हणत डोळे पुसत होती. चूल पार मांडवाच्या पलीकडे होती.

मग जिजानं मंगळीच्या नावाचं ते पान आणलं, भात आणि वर मोहाचा शिंतोडा. "खा."

मंगळीनं हात मागे घेतला. "जिजे, ह्ये नाय खानार मी."

"हळद घेतलीस, आन् पान नाय?"

"हळद तुजी हाय. पान मेल्यांच्या पूजेचं हाय."

जिजाचा चेहरा उतरला. एवढी रीत मोडून ती आली होती, आणि ही पोर अजून 'नाय' म्हणत होती. मला वाटलं आता बहीणही गेली. जिजा रागानं म्हणाली, "लई हट्टी झालीस तिकडं ऱ्हाऊन!" मग पान कुत्र्यापुढे ठेवलं, मंगळीच्या डोक्यावर टपली मारली आणि मांडवात गेली. आम्ही गौराबाईच्या पिशवीतली भाकरी आणि सुकट खाल्ली. लग्न लागलं ते झाडाखालूनच पाहिलं. निघताना जिजानं नवऱ्याला आंब्याकडे बोट करून दाखवलं, "ती माजी बहीन."

कर्जतला परत आलो. मंगळी इतकी मोकळी झाली होती की वाटेत गात होती. आणि इथं आमचे वाल्मिकराव दारात उभे. पोरीच्या गालावर हळद बघितली आणि जणू साप बघितला. बोर्डिंगात पाऊल ठेवू दिलं नाही. म्हणाले, रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभी राहून मूर्तिपूजेची कबुली दे, क्षमा माग, मग बघू. गौराबाईनं त्यांच्या कोटापासून त्यांच्या सात पिढ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला आणि पोरीला आपल्या खोपटात नेलं.

रविवारी देऊळ गच्च. अशा वेळी माणसं बरोबर येतात, एरवी पाठ दुखते. पुढच्या बाकावर पंचांच्या बायका माना ताणून बसलेल्या. मंगळी उभी राहिली. धुऊन धुऊनही हळद नखांत राहिली होती.

"बोल," वाल्मिकराव म्हणाले. "काय पाप केलंस?"

ती म्हणाली, "देवापुढची दारू दिली, नाय घेतली. मेल्यांचं पान दिलं, नाय खाल्लं. मेल्यांत नाव घातलं, तरी येसूला नाय म्हनाले नाय. हळद माज्या बहिनीची होती, ती घेतली. पुन्हा लावली तर पुन्हा घेईन. ह्याची माफी मला मागता येत नाय."

सोळा वर्षांची पोर, आईविना वाढलेली, जशी कान्ह्याच्या काठीपुढे टिकली तशीच या कोटापुढे टिकली. आणि या माणसाला काय सुचावं? म्हणाला, "मग प्रभुभोजनाच्या मेजाशी तुला जागा नाही. बाहेर जा."

डोंगरातल्या अडाणी म्होरक्यानं झाड दाखवलं, इथं इंग्रजी वाचणाऱ्यानं ओटा दाखवला. कान्ह्याला निदान दारू चढली होती. याला काय चढलं होतं?

मंगळी बाहेर गेली आणि ओट्यावर बसली. गौराबाई उठली, पुढच्या बाकावरच्या एका बाईचा पदर तुडवत, मुद्दाम, आणि जाऊन तिच्याजवळ बसली. मीही उठले. माझ्या मालकांनी डोळे वटारले, मी पाहिलंच नाही असं केलं. आत गीत सुरू झालं, वाल्मिकरावांचा आवाज सगळ्यांच्या वर. मंगळी बाहेरून तेच गीत म्हणू लागली. गौराबाईचा सूर नेहमीप्रमाणे भलतीकडे.

गीत संपलं तसा गौराबाईनं मिसरीचं बोट दातांवरून फिरवलं आणि माझ्यासमोर तिला सरळ विचारलं, "हे बघ गं. हे पण हाकलतात, ते पण हाकलतात. जिजा तिकडं आहे, बाप तिकडं आहे. तो द्रोण अजूनही मिळेल. मी तुला कमी समजणार नाही, देवाशपथ. जायचं का पाड्यावर?"

मंगळी आत बघत होती. बोर्डिंगची पोरं मागच्या बाकावर बसली होती, पोशा, भागी, आणखी काही. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळलेल्या. बारा-चौदा वर्षांची पोरं, या सुटीत प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या अंगणात बसवलेलं. घाबरलेली होती.

"नाय," ती म्हणाली. "पोशाची सुटी परत येईल. भागीची येईल. त्यानला घरचे भायेर काढतील, मंग ह्ये पन काढतील. तवा भायेर आदीपास्नं कोनतरी बसलेलं पायजे ना, गौराबाय?"